रेल्वेवाल्याची रंगभूमी

दोन महायुद्धांमधला रेव्ह्यू, म्हणजे गाणी, नाच आणि छोट्या प्रवेशांचा झगमगता खेळ, म्हटलं की सगळे पॅरिसकडे वळतात. आज मात्र आपण जपानमधल्या ओसाकाजवळच्या ताकाराझुका या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जाऊ. तिथली रंगभूमी रेल्वेच्या जमाखर्चातून उभी राहिली, आणि मला तिचं अप्रूप वाटतं ते त्यामुळेच.

कोबायाशी इचिझो हा विजेच्या रेल्वेचा मालक. 1910 मध्ये त्याची गाडी ओसाकातल्या उमेदाहून ताकाराझुकाला धावू लागली. पण शेवटच्या स्टेशनापर्यंत लोकांनी यायचं कशासाठी? त्याने तिथे बंदिस्त पोहण्याचा तलाव बांधला. पाणी इतकं गार की कुणी उतरेना. मग तलावावर फळ्या टाकून प्रेक्षागृह केलं, मुलींचं गायनपथक जमवलं, आणि 1914 च्या एप्रिलमध्ये मोमोतारोच्या लोककथेवरचा पहिला खेळ लागला. स्नानाला आलेल्यांना तो फुकट! बुडीत तलावाचं त्याने नाट्यगृह करून दाखवलं. धंदेवाईक माणूस म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत.

1924 मध्ये मोठं नाट्यगृह झालं. हजारो खुर्च्या म्हणजे तिकीट स्वस्त ठेवता येतं आणि अख्खं कुटुंब येऊ शकतं, हे कोबायाशीचं गणित. मात्र एवढ्या दूरवर बसलेल्याला दिसेल असं काही रंगमंचावर हवं ना! ते आणलं किशिदा तात्सुयाने. युरोप पाहून तो परतला आणि 1927 मध्ये त्याने ‘मोन पारी’ बसवलं: कोबेहून निघालेला प्रवासी देशोदेशी फिरत पॅरिसला पोचतो, एवढीच गोष्ट, सोळा प्रवेशांत. त्यात मुलींची रांग आगगाडीच्या तालावर नाचते. रेल्वे कंपनीच्या रंगमंचावर दुसरं काय नाचणार म्हणा!

1930 मध्ये शिराई तेत्सुझोचं ‘पॅरिसेट’ आलं. त्यात चेहऱ्यावरचा पारंपरिक पांढरा लेप गेला, आधुनिक रंगभूषा आली, शहामृगाची पिसं झळकली. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारात पुरुष स्त्रिया होत. इथे पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करत. आधी त्या केस टोपीत कोंबत असत. 1932 मध्ये एकीने ते सरळ कापले, आणि मग तोच रिवाज पडला. नायकाची भूमिका करणाऱ्यांवर शाळकरी मुली जीव टाकू लागल्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली, तरी तिकिटं खपतच राहिली.

1934 मध्ये कोबायाशीने टोकियोत नाट्यगृह काढलं. तिथे त्याची रेल्वे नव्हती. आता खेळच त्याचा धंदा झाला होता. पुढे युद्ध आलं. 1938 मध्ये हाच संच सदिच्छा दौऱ्यावर जर्मनी-इटलीला गेला. 1944 च्या मार्चमध्ये दोन्ही नाट्यगृहं सरकारी हुकमाने बंद झाली, आणि टोकियोच्या नाट्यगृहात अमेरिकेवर सोडायच्या बॉम्बसाठी कागदी फुगे तयार होऊ लागले.