स्वराखालचे अक्षर

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वादक रंगमंचावर बसतात, तेव्हा समोरच्या स्टँडवर त्यांच्या वाद्याचा पार्ट, म्हणजे त्या वाद्यापुरती लिहिलेली स्वरलिपी, असतो. कोणता स्वर किती मात्रा धरायचा हे पाच रेघांच्या स्टाफवरून कळते. तो किती हळू आवाजात किंवा किती जोरात वाजवायचा, हे मात्र स्टाफखालची छोटी तिरकी अक्षरे सांगतात. हळू वाजवायचे असेल तर पी, जोरात असेल तर एफ, मध्यम जोर हवा असेल तर एमएफ, आणि नाद क्रमाने वाढणार किंवा उतरणार असेल तर उघडत वा मिटत जाणाऱ्या दोन रेघांची हेअरपिन. आपल्या भातखंडे पद्धतीत सप्तक, कोमल-तीव्र, मींड, कण या सगळ्यांना चिन्हे आहेत, पण नादाचा लहानमोठेपणा गायक-वादकाच्या समजेवर सोडलेला आहे. अनेक वादकांना एकाच ठोक्याला आवाज खाली आणायचा असतो, तेव्हा ते तसे सोडून चालत नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यवृंदासाठी मांडणी करणारे, हे सारे हाताने कागदावर लिहीत. लिहिणाऱ्याचा हात अक्षर आपसूक योग्य जागी ठेवत असे. आज तेच काम सिबेलियस, डोरिको किंवा म्यूझस्कोर यांसारखे स्वरलिपी लिहिण्याचे सॉफ्टवेअर करते, आणि बरेच चांगले करते. तरीही शेवटची नजर माणसाचीच लागते.

पडद्यावर व्हायोलिनची एक ओळ दिसते आहे. पहिल्या स्वराखाली एमएफ आहे. या अक्षरजोडीची डावी कड स्वराच्या गोलाशी जुळवली, तर चिन्ह उजवीकडे सरकल्यासारखे दिसते, कारण एफचा पाय डावीकडे आणि माथा उजवीकडे झुकलेला असतो. म्हणून डोळ्याला जाणवणारा अक्षराचा मध्य स्वराच्या गोलाखाली आणतात. संगीतचिन्हांच्या फॉन्टसाठी ठरवलेल्या स्मूफल (SMuFL) या प्रमाणपद्धतीत हा दृश्यमध्य नोंदवण्याची सोयच आहे.

आता आडवी रांग पाहू. पी, त्यापुढे हेअरपिन आणि तिच्या टोकाला एफ, ही तिन्ही चिन्हे एकाच सरळ रेषेत असली की वादक ती एका दृष्टिक्षेपात वाचतो. सिबेलियसमध्ये ती निवडून एका आज्ञेने रांगेत आणता येतात, डोरिको लगतच्या चिन्हांचा गट करते, आणि लिलीपाँड हे आणखी एक सॉफ्टवेअरही त्यांना एकाच रेषेवर धरते. अडचण येते ती मध्येच एखादा खोल स्वर आला की. स्टाफखाली जादा रेघांवर उतरलेला तो एक स्वर सगळी रांग खाली ढकलतो, आणि आधीच्या स्वरांपासून त्यांचीच चिन्हे इतकी दूर जातात की ती खालच्या स्टाफची वाटू लागतात. अशा वेळी रांगेचा हट्ट सोडून गट तिथेच तोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे; चिन्ह ज्या स्वराचे आहे त्याच्याजवळ असणे हे रांगेपेक्षा मोठे आहे.

जागेचा नियम वाद्यागणिक बदलतो. एकेरी ओळीच्या वाद्यासाठी चिन्ह स्टाफखाली, पियानोसाठी दोन स्टाफच्या मधल्या पट्ट्यात, आणि गायकांसाठी स्टाफच्या वर, कारण खाली गीताचे शब्द असतात. मराठी गीत देवनागरीत छापायचे तर हे अधिकच पाळावे लागते: वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार असल्यामुळे शब्दांच्या ओळीला आधीच जास्त उंची लागते, आणि त्यात एखादा पी शिरला तर तो चिन्ह न वाटता शब्दाचाच भाग वाटतो.

सर्वांत महागात पडते ते चिन्ह माउसने ओढून नुसते दिसायला बरोबर करणे. सॉफ्टवेअरच्या लेखी प्रत्येक चिन्ह एखाद्या स्वराशी किंवा ठोक्याशी जोडलेले असते. पहिल्या ठोक्याशी जोडलेला एफ ओढत तिसऱ्या ठोक्याखाली नेला आणि जोडणी पहिल्यालाच राहिली, तर स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत, ठीक दिसतो. पण संगणकावर ऐकताना जोर पहिल्या ठोक्यालाच येतो, आणि मांडणीत अंतरे बदलली की अक्षर भलत्याच स्वराखाली जाते. म्हणून आधी जोडणी तिसऱ्या ठोक्याशी करावी, सर्व चिन्हांचे स्टाफपासूनचे अंतर एकदाच सेटिंगमध्ये ठरवावे, आणि मगच उरलेले एखाद-दुसरे चिन्ह हाताने हलवावे. त्यानंतर प्रत्येक पार्ट स्वतंत्रपणे उघडून तपासावा, कारण पार्टमधल्या ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि स्कोअरमध्ये अखंड असलेली हेअरपिन तिथे दोन ओळींत विभागली जाते.