पैसा आहे, पण हाताशी नाही

श्रोतेहो, नमस्कार.

गौरी-गणपती आटोपले की पुण्यातल्या कितीतरी घरांत बॅगा भरायला लागतात. जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाहीतर मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकलेली मुलंमुली सप्टेंबरात निघतात. चटण्या, कुकर, गरम कपडे यांची यादी घरातली चार माणसं मिळून करतात. पैशांचा विषय मात्र ‘लोन मंजूर झालंय, ब्लॉक्ड खातं भरलंय’ एवढ्यावर संपतो. बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली, म्हणून कळकळीने सांगते. अडचण येते ती पहिल्या चार-सहा आठवड्यांत. तेव्हा पैसा असतो, पण हाताशी नसतो.

हे कसं होतं ते बघा. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे मुलाच्या नावाच्या पण महिन्याला ठरावीकच रक्कम सोडणाऱ्या खात्यात, एका वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवावा लागतो. २०२४च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, आणि तेही बहुतेक वेळा तिथल्या बँकेत मुलाचं रोजच्या व्यवहाराचं खातं उघडल्यावरच. खातं उघडायला अनेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. ती नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, पण त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि मोठ्या शहरांत नगरपालिकेची वेळ लवकर मिळत नाही. म्हणजे घर नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खातं नाही, आणि खातं नाही तर स्वतःचेच पैसे हातात नाहीत. त्यात घराची अनामत रक्कम याच दिवसांत द्यायची असते.

म्हणून ब्लॉक्ड खात्याला हात न लावता किमान दीड महिना निघेल, एवढी सोय इथूनच करून पाठवा. थोडी रोकड, बरीचशी रक्कम फॉरेक्स कार्डावर (म्हणजे आधीच परकीय चलन भरून दिलेल्या कार्डावर), आणि आणीबाणीसाठी इथल्या बँकेचं डेबिट कार्ड. एका प्रवासासाठी बहुतेक देशांकरता जास्तीत जास्त ३,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं चलन नोटांमध्ये नेता येतं. एवढ्या नोटा नेऊ नयेत, असं माझं मत आहे. पाचशे-सातशे युरो पुष्कळ झाले. आणि हे युरो विकत घेताना ५० हजार रुपयांच्या वर रक्कम असेल तर चेकने किंवा खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. घरून रुपयांची पुडकी घेऊन येणाऱ्या पालकांना आम्हाला परत पाठवावं लागे.

नोटा कोणत्या घ्यायच्या, याकडे कुणी लक्ष देत नाही. एक गृहस्थ लेकीला घेऊन आले होते. ‘दोनशेच्याच नोटा द्या मॅडम, पाकीट जाड व्हायला नको,’ म्हणाले. मी त्यांना पन्नासच्या थोड्या, आणि बाकी वीस-दहाच्या नोटा मोजून दिल्या. लेक म्हणाली, ‘बाबा, तिथे बेकरीत दोनशेची नोट कोण मोडून देणार?’ तिचं बरोबर होतं. जर्मनीत छोट्या बेकऱ्या आणि खाण्याच्या टपऱ्या अजूनही पुष्कळ ठिकाणी फक्त रोख घेतात, आणि मोठी नोट बघून नकार देतात. सुपरमार्केटची ढकलगाडी साखळीतून सोडवायलाही ५० सेंटचं किंवा एक युरोचं नाणं लागतं. जर्मनीहून आलेल्या कुणाकडे चार नाणी उरली असतील तर मागून घ्या.

आता डेबिट कार्ड. २०२० पासून आपल्याकडची नवी कार्डं परदेशातल्या वापरासाठी मुळात बंदच असतात, ती आपण सुरू करायची असतात. ते घरी बसून, निघण्याआधी करा. ओटीपी येतो इथल्या मोबाइल नंबरवर, म्हणून ते सिम चालू ठेवा, त्यावर रोमिंग आहे का बघा. तिथे पोचल्यावर मुलं पहिल्या आठवड्यात नवं सिम घालतात, जुनं कुठल्यातरी कप्प्यात जातं, आणि मग बँकेचं ॲप उघडत नाही. तिसरी गोष्ट एटीएमची. मशीन विचारतं, ‘रुपयांत रक्कम कापू का युरोत?’ रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, हात तिकडे जातो. तो दर मशीनवाल्याने लावलेला असतो आणि बहुधा महागच पडतो. नेहमी युरो निवडा.

खातं उघडताना एखाद्या बँकेने नाही म्हटलं तर खचू नका. युरोपीय संघाच्या नियमानुसार कायदेशीर राहणाऱ्या माणसाला साधं, मूलभूत खातं मिळण्याचा हक्क आहे. जर्मनीत हा कायदा २०१६ पासून आहे. घराच्या अनामत रकमेलाही कायदा आहे: इतर खर्च सोडून नुसतं जे भाडं, त्याच्या तिप्पटच्या वर घरमालक मागू शकत नाही, आणि ती तीन हप्त्यांत द्यायची मुभा आहे. खोली बघितल्याशिवाय, ‘आधी पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका. या फसवणुकीत आपली मुलं सापडतात, कारण डोक्यावर छप्पर मिळवायची घाई असते.

आणखी एक प्रकार तर घरातली मोठी माणसंच सुचवतात. ‘त्यांचा मुलगा तिथे आपल्या मुलीला युरो देईल, आपण इथे कोथरूडला त्याच्या आईला रुपये देऊ. बँकेचे चार्जेस वाचतील.’ ऐकायला सोयीचं वाटतं, पण बँकेला वगळून केलेली ही देवघेव फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. तिथे कुणी ‘माझे पैसे तुझ्या खात्यात घे, पुढे पाठव, कमिशन देतो’ म्हणालं तर ते याहून गंभीर. खातं बंद होतं, पोलिस दारात येतात. मुलांना हे निघण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगा.

इथून बँकेमार्फत पैसे पाठवणं तसं कठीण नाही. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा ए-टू फॉर्म लागतो. २०२५च्या एप्रिलपासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशावर तो मुळीच नाही. कापला गेलाच तर प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो. मात्र ब्लॉक्ड खात्यात पैसे भरताना फॉर्मवर ‘सर्व चार्जेस पाठवणाऱ्याकडे’ हाच पर्याय निवडा. नाहीतर वाटेतली बँक आपला वाटा कापून घेते, काही युरो कमी पोचतात, आणि तेवढ्यासाठी व्हिसाचा दाखला अडून राहतो.

आता इथल्या खात्याचं. शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेला माणूस फेमाच्या हिशेबी अनिवासी होतो. त्याचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते बँकेत सांगून एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. कित्येक घरांत हे वर्षानुवर्षं राहून जातं. एनआरओ खात्याच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा कर (टीडीएस) आधीच कापला जातो. तिकडच्या पगारातून इकडे पाठवायचं असेल तर वेगळं एनआरई खातं, म्हणजे अनिवासी माणसाचं बाहेरच्या कमाईसाठीचं खातं, उघडा: त्याचं व्याज करमुक्त असतं आणि पैसा हवा तेव्हा परत नेता येतो. आईवडिलांना इथले व्यवहार बघता यावेत म्हणून मॅन्डेट (खातं चालवायचं बँकेतलं अधिकारपत्र) किंवा मुखत्यारपत्र मुलगा इथे असतानाच करा. नंतर त्याच सहीसाठी दूतावासाच्या चकरा होतात.

आणि पालकहो, तुम्हीही मुलांना भेटायला जाल. परत आल्यावर पाकिटात उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरच्या किमतीएवढ्या नोटा जवळ ठेवायला हरकत नाही. त्यावरच्या नोटा १८० दिवसांच्या आत बँकेला किंवा परवानाधारक चलनविक्रेत्याला द्या, नाहीतर आरएफसी डोमेस्टिक, म्हणजे इथल्या बँकेतल्या परकीय चलनाच्या खात्यात भरा. नाण्यांना मर्यादा नाही, ती ठेवून द्या. पुढच्या गणपतीनंतर सोसायटीतलं कुणीतरी निघणारच आहे.

नमस्कार.