जाळीचं भोक आणि मुंगसाचं डोकं

श्रोतेहो, विश्वामित्री बडोद्याच्या मधोमध वाहते. तिच्या काठची कोतरं म्हणजे घळी, झाडोरा आणि तिला मिळणारे नाले म्हणजे मुंगूस, घोरपड, धामण, नाग आणि उदमांजर यांच्या येण्याजाण्याच्या वाटा. अकोट्याला किंवा कारेलीबागेत बंगल्यामागे खुराडं ठेवलंत, तर ते या वाटांच्या तोंडाशीच आहे असं धरून चाला. रावपुरा-दांडिया बाजारच्या जुन्या वस्तीत घुशी, बोके आणि भटकी कुत्री यांची भर पडते.

दुकानात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून जी षट्कोनी जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. तार २०-२२ गेजची असते. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं, आणि भोकं मोठी असली तर मांजराचा पंजा सहज आत जातो. गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक, हे घेताना लक्षात ठेवा. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, तार १८ गेज किंवा त्याहून जाड, सगळ्या बाजूंनी लावा. मुंगसाला दोन इंचांची फट पुरते, मोठ्या उंदराला पाऊण इंचाची. लहान चिचुंद्री किंवा सापाचं पिल्लू अर्ध्या इंचातूनही शिरेल, पण मोठी कोंबडी त्यांना खाता येत नाही. दिवसाच्या मोकळ्या आवाराला खालचे दोन फूट हीच जाळी, वर एक इंची चालेल. पैसे वाचवायचे तर इथे वाचवा, रात्रीच्या खुराड्यात नको.

जाळी यू-खिळ्यांनी ठोकली की पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खिळे सैल होतात. त्याऐवजी लाकडी पट्टी वरून दाबा आणि दर चार इंचांवर वॉशरसह स्क्रू मारा. छपराला पन्हाळी पत्रा असेल तर त्याच्या टोकाला नळ्यांसारखी भोकं राहतात. तीही जाळीच्या तुकड्यांनी बंद करा. बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती हीच जागा.

जमिनीखालून येणारे वेगळे. घूस आणि कुत्रं भिंतीला लागून उकरतात. म्हणून जाळी खाली आणून बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर आडवी पसरा, कडेला विटा ठेवा, वर माती टाका. उकरणाऱ्याला दीड फूट मागे सरायचं सुचत नाही. पावसाळ्यानंतर ही माती वाहून गेली आहे का, ते बघाच. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरीसुद्धा वस्तीत आल्या होत्या. पाणी चढलं की साप, घुशी कोरड्या उंचवट्यावर येतात, आणि तुमचं खुराडं तसाच उंचवटा असतं. त्याची तळफळी जमिनीपासून दोन फूट उंच असलेली बरी.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ती उकाड्यामुळे होते. मे महिन्यात पारा ४२ अंशांना टेकतो, कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, म्हणून माणूस रात्री दार उघडं ठेवतो. दार उघडं नको, खुराड्याच्या समोरासमोरच्या दोन भिंती वरच्या बाजूला जाळीच्याच ठेवा. वारा आरपार जाईल. बसायची दांडी मात्र जाळीपासून फूटभर आत हवी. नाहीतर बोका बाहेरूनच पाय ओढतो. दर कोंबडीला आठ-दहा इंच दांडी द्या. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ती पळत नाही. दाराला नुसती सरकती कडी पुरत नाही. कोयंड्यात खिळा किंवा छोटी स्प्रिंगची हुक घाला. हिवाळ्यात सहाच्या सुमारास, जूनमध्ये साडेसातच्या पुढे, मावळल्यावर अर्ध्या तासात दार बंद, आणि बंद करण्याआधी मोजणी. खुडूक कोंबडी झुडपाखाली बसून राहते, ती मोजणीतच सापडते.

मुंगूस मात्र दिवसा येतं, त्यामुळे रात्रीचं कुलूप त्याला काही करत नाही. एका मागोमाग अनेक कोंबड्या मानेशी चावलेल्या दिसल्या, तर त्याचाच संशय घ्या. पिसं सगळीकडे उडालेली आणि खाल्लेलं काही नाही, तर बहुधा कुत्रं. अंडी नाहीशी आणि टरफलंही नाहीत, तर साप असू शकतो. पिल्लं उघड्यावरून गेली तर घार, शिक्रा किंवा कावळा. आवारावर नायलॉनची जाळी ताणली की हा प्रश्न मिटतो. उत्तरायणाच्या पतंगबाजीनंतर मात्र जाळीवर आणि अंगणात पडलेला मांजा गोळा करा. तो पायांत गुंतला की कापतो.

दाणा पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. अंडी दुपारपर्यंत उचला. फिनाईल, कार्बोलिक ॲसिड, डांबरगोळ्या, रात्रभर दिवा यांच्यावर भरवसा ठेवू नका. कार्बोलिक तर कोंबड्यांचेच पाय भाजतं. उंदराचं विष तर नकोच, मेलेला उंदीर कोंबडीही टोचते.

मुंगूस, घोरपड, उदमांजर, धामण, नाग यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणं, पकडून दुसरीकडे सोडणं तुमचं काम नाही. खुराड्यात साप दिसला तर कोंबड्या दुसऱ्या दारानं बाहेर काढा, लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा. म्हणूनच खुराड्याला दारं दोन हवीत.