फोटो काढायचाय? आधी बैठका मारा

नमस्कार श्रोतेहो.

कॅमेरा चांगला, लेन्स महागातली, पण महाद्वार रोडवर गेलं की तो डोळ्यापर्यंत जातच नाही, अशी तक्रार करणारी तरुण पोरंपोरी मला नेहमी भेटतात. ‘लोक काय म्हणतील? कुणी अंगावर आलं तर?’ मग मी विचारतो, सकाळी चालता का? बैठका मारता का? पोरं हसतात. कोल्हापुरात राहून तरी हसू नये. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं आणि पुढच्या काही वर्षांतच बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला. आखाडा आणि कॅमेरा हे इथले जुने शेजारी आहेत.

अनोळखी माणसासमोर कॅमेरा उचलताना नेमकं काय होतं? छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, बोटं थरथरतात. अ‍ॅड्रेनलिन अंगात उतरल्याची ही लक्षणं. जोतिबाचा डोंगर चढतानाही छाती अशीच उडते. ज्याला रोज दम लागायची सवय आहे, त्याला ही धडधड ओळखीची वाटते. थोड्या वेळात ती खाली येणार हे त्याला ठाऊक असतं. ज्याला जिना चढायचाही कंटाळा, तो मात्र त्या धडधडीलाच घाबरतो आणि काढता पाय घेतो. व्यायाम केला म्हणून भीती जात नाही बरं का. ती असतेच, फक्त हातपाय आपलं ऐकतात.

आता कपिलतीर्थ मंडईत चला. आसपासच्या गावांतून आलेल्या बायका जमिनीवर पोतं अंथरून बसलेल्या असतात. पुढ्यात मेथीच्या पेंड्या, वांग्यांची पाटी, बाजूला तागडी. आपण उभ्याउभ्या फोटो काढला की काय मिळतं? डोक्यावरचा पदर आणि भाजी. चेहरा हवा असेल तर खाली बसावं लागतं, मांडी घालून नव्हे, उकिडवं. तेही दोन-तीन मिनिटं, टाचा टेकवून, गुडघे न कुरकुरता, कारण मागून हातगाडी आली तर एका झटक्यात उठता आलं पाहिजे. तालमीतल्या बैठका इथं कामाला येतात. आणि खाली बसलं की फोटोआधीच एक गोष्ट होते: समोरची बाई आपल्याशी बोलायला लागते. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ ‘माझा कशाला रं बाबा? काढ की, पर पेंडी घेणार न्हवं?’ पेंडी घ्यायची. दहा फुटांवरून झूम लावून चोरासारखा काढलेला फोटो आणि हा फोटो शेजारी ठेवून बघा.

जवळ जायचं तर यंत्राशी झटापट करत बसायला वेळ नसतो. पस्तीस मिलिमीटरची लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, एफ-आठवर लावा आणि फोकस तीन मीटरवर धरून ठेवा. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर साधारण दोन मीटरपासून सहा-सात मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. चालत्या माणसासाठी शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर. मग उरतं ते पायांचं काम: एक पाऊल पुढं, अर्धं मागं, कोपरं छातीला टेकलेली, श्वास हळू सोडत बटण दाबायचं. मोबाईलवाल्यांनाही हेच लागू, त्यांना तर पायच झूम.

दमलेल्या माणसाचं धाडस आधी पाठीतून जातं, असं माझं मत आहे. बिंदू चौकातून निघून गुजरी, भवानी मंडप करत पंचगंगा घाटापर्यंत पोचेतो मान अवघडली, की समोर कितीही सुंदर चेहरा असो, ‘जाऊ दे’ असंच तोंडात येतं. त्यासाठी दंडाच्या बेटकुळ्या नकोत. रंकाळ्याभोवती भरभर चालणं, बैठका आणि थोडे जोर एवढं पुष्कळ झालं.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. मुलींची भीती वेगळी असते, ती नुसत्या बैठकांनी जाणार नाही. रस्ताच कधी कधी त्यांच्याशी वाईट वागतो. सोबत मैत्रीण घ्या, ओळखीच्या पेठेपासून सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही. आणि धिप्पाड गड्यांनो, तुमची छाती बघून समोरचा गप्प बसला, तर त्याला परवानगी समजू नका. आधी हसा, बोला, मग कॅमेरा वर. नको म्हटलं की नको. काढला असेल तर त्याच्यासमोर पुसून टाका. तालमीत जायचं असेल तर आधी वस्तादांना विचारा आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्याबाहेर चप्पल काढा.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाला जाणार असाल, तर तयारी महिनाभर आधी सुरू करा. सासनकाठी, म्हणजे यात्रेतली उंच सजवलेली काठी, नाचवणाऱ्यांसोबत मागं-पुढं सरकत राहावं लागतं, गर्दीचा लोट आला की तोल सांभाळावा लागतो. गुलालाची धूळ कॅमेऱ्यात शिरते, म्हणून तिथं लेन्स अजिबात बदलू नका, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. काठी झुकते तेव्हा दोऱ्या धरणाऱ्यांच्या हातांकडे बघा, वर सगळेच बघत असतात.