सुंभ आणि पीळ

हे हात बघा. आवाजही ऐका, तळव्यावर काथ्या घासल्याचा.

आजींच्या हातात आहे तो सुंभ. नारळाच्या काथ्याची दोरी. कोकणात सुंभ 'बनवत' नाहीत, वळतात. वाती वळतात तसा.

त्याआधी खाडी. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, या चिखलात कित्येक महिने मुरतात. खारं पाणी सोडणाचा मऊ गर कुजवतं, धाग्याला मात्र धक्का लावत नाही. मग हा दगड, ही मोगरी. कुटून, धुऊन, वाळवून उरतो तो काथ्या.

आता हाताची चाल. कॅमेरा मुद्दाम जवळ नेलाय. काथ्याच्या दोन बटा. तळवा पुढे सरकला की दोघींना एकाच दिशेने पीळ बसतो. हात सैल पडताच दोघी उलगडू पाहतात, आणि उलगडताना एकमेकींनाच उलटा वेढा घालतात. एकीची सुटायची ओढ दुसरीला घट्ट धरते. गाठ नाही, डिंक नाही. वीतभर तंतूंमधून हवा तेवढा लांब सुंभ निघतो. बट बारीक होत आली की नवा पुंजका आत सारायचा. आत्ताच सारला. कुठे, ते शोधून दाखवा.

या पिळावर मराठी किती बोलते! पिळदार दंड, मिशीचा पीळ, पोटात पडणारा पीळ. 'शुंभासारखा उभा काय राहिलास' मधला शुंभ मात्र वेगळा. तो देवीने मारलेला दैत्य.

आणि ती म्हण: सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. सगळं गेलं तरी ताठा न गेलेल्या माणसाला ती ऐकवतात. म्हणून हा तुकडा आम्ही खरोखर पेटवला.

विझला. राखेत बघा. एकेक वेढा जागच्या जागी आहे. ही म्हण ज्याला सुचली, त्याने चुलीपुढे बसून हेच पाहिलं असणार. आम्हाला या राखेत ताठा दिसला नाही. वळणारीचा हात दिसला.

नायलॉन आलं आणि वळणारे हात कमी होत गेले. तेही पेटवून पाहिलं. वितळून थेंब झाले.

आजींचा सुंभ आता अंगणाच्या टोकाला पोचलाय. मांडवाचे वासे बांधायचे आहेत. इथून पुढे निवेदन नाही, फक्त हात आणि हा आवाज.