परात खाली पडेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. आत्ता तुम्ही जो आवाज ऐकलात, आधी खणकन्, मग घणणण करत फिरणारा, बारीक होत जाणारा आणि शेवटी एकदम गप्प होणारा, तो आमच्या घरच्या पितळी परातीचा. काखेत परात घेऊन इथे रेडिओ केंद्रावर आलो तर दारावरच्या दादांनी विचारलंच, "परात कसाले आणी भो?" म्हटलं, भाषणात तीच बोलणार आहे, मी फक्त मधे मधे.

मी चोपडा तालुक्यातला. पुण्यात कार्टून मालिका बनवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं होतो. आमच्या मालिकेत एक कुत्रा आणि एक वानर. वानर खोडी काढणार, कुत्रा मागे लागणार आणि शेवटी कुत्राच तोंडावर आपटणार. गोष्ट एवढीच. ती बावन्न वेळा सांगायची आणि दर वेळी पोरांनी हसायला पाहिजे.

ही जोडी मला नवी नव्हती. केळीच्या बागेत ज्यानं दिवस काढलेत त्याला वानर आणि शेतातला कुत्रा यांचं वैर काय सांगायचं? घड कापणीला आला की सातपुड्याकडून टोळी उतरते. कुत्रा भुंकत बांधापर्यंत धावतो, वानर दोन उड्यांत निंबावर. मग वरून ते ज्या नजरेनं कुत्र्याकडे बघतं ना, ती नजर मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कागदावर उतरवली आणि डायरेक्टर खूश झाले.

भांडण झालं ते केळीच्या सालीवरून. पहिल्याच कथेत कुत्रा सालीवरून घसरतो असं ठरलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे इतकी केळी पिकतात, पण सालीवरून माणूस पडलेला मी पाहिला नाही. साल खाली पडायच्या आत गाईच्या तोंडात जाते. सगळे हसले, पण साल काही हटली नाही. पुढे वाचनात आलं की जपानमध्ये कियोशी माबुची नावाच्या प्राध्यापकांनी बुटाखाली केळीची साल ठेवून घर्षण मोजलं. ते जेमतेम 0.07 निघालं, म्हणजे साल खरोखरच बेक्कार घसरते. या कामाला 2014 साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस. तेव्हा साल खरी, चूक माझी.

आता ते घसरणं कसं बनतं ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडच्या टीव्हीवर एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात. सात मिनिटांच्या एका कथेला झाली दहा हजार पाचशे. एकेक चित्र दोनदा दाखवून काम निम्म्यावर आणतात, तरी सव्वापाच हजार उरतातच. कुत्र्याचा पाय सालीवर पडतो, त्याला दोन चित्रं. पाय वर, डोकं खाली, तीन. आणि मग तो हवेत थांबतो. पडत नाही, नुसता थांबतो. तुमच्याकडे बघतो, एकदा पापणी लवते, कान हळूच खाली येतात. याला आम्ही अठरा चित्रं दिली होती. मग धाड, जमिनीवर पोळीसारखा चपटा, फक्त एक चित्र. त्यानंतर काहीच नाही. आवाज नाही, हालचाल नाही. आणि मग पडद्याबाहेर कुठेतरी परात पडते.

माझ्या मोठ्या मायला मी हे मोबाईलवर दाखवलं. कुत्रा हवेत लटकला तेव्हाच ती हसली. आपटला तेव्हा मात्र म्हणाली, "मरी गया ना रे तो!" पुढच्या क्षणी तो पापडासारखा जमिनीवरून सुटला आणि अंग झटकून पळाला, तेव्हा ती पुन्हा हसली. मार लागताना नाही हसली. मार लागायच्या आधी आणि नंतर हसली. आमच्या डायरेक्टरांना जे समजवायला मीटिंगा घ्याव्या लागायच्या, ते तिला एका नजरेत कळलं.

या धडपडीच्या विनोदाला इंग्रजीत स्लॅपस्टिक म्हणतात. नाव आलंय एका काठीवरून. इटलीतल्या फिरत्या नाटक मंडळींकडे दोन फळ्या जोडलेली एक काठी असायची. मारली की आवाज मोठा, लागायचं थोडकं. लहानपणी आमच्या गावच्या यात्रेत तमाशातला सोंगाडी चिरलेल्या बांबूनं साथीदाराला असाच बडवायचा. फटाक् आवाज झाला की अख्खा तंबू हसायचा, आणि मार खाणारा दोन क्षण उभा राहून आमच्याकडे बघायचा. हवेत थांबलेला कुत्रा तोच.

या थांबण्याचे खरे उस्ताद म्हणजे टॉम आणि जेरीचे जनक, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा. पहिला चित्रपट फेब्रुवारी 1940 चा, आणि त्यात बोक्याचं नाव टॉम नव्हे, जॅस्पर होतं. बार्बेरा गमती रचायचे, चित्रं काढायचे. हॅना वेळ मोजायचे. कोण किती चित्रं थांबणार, कधी आपटणार, हा त्यांचा प्रांत. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळीसुद्धा हॅनांच्याच गळ्यातली. स्कॉट ब्रॅडली पावलागणिक संगीत लिहायचे. 1958 पर्यंत असे 114 छोटे चित्रपट आले, त्यातल्या सातांना ऑस्कर. पण हे सगळं थिएटरसाठी होतं. जुनेच चित्रपट पुन्हा लावले तरी जवळपास तेवढाच पैसा येतो, हे एमजीएम या सिनेमा कंपनीच्या मालकांच्या लक्षात आलं आणि 1957 मध्ये तिचा कार्टूनचा विभागच बंद झाला. तयार असलेले तेवढे पुढच्या वर्षी लागले.

मग दोघं टीव्हीकडे वळले. पैसा अगदीच तुटपुंजा. तेव्हा युक्ती काढली: अंग स्थिर ठेवायचं, डोकं तेवढं हलवायचं. गळ्यात कॉलर किंवा टाय घातला की डोक्याचा जोड झाकला जातो. त्यांच्या टीव्हीवरच्या योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलर त्यासाठी, फॅशनसाठी नव्हे. आमचा कुत्राही तसाच होता. कॉम्प्युटरमध्ये त्याचे हात, पाय, शेपूट सुटे करून ठेवलेले, पोळ्याच्या लाकडी बैलासारखे. लागेल तसे जोडायचे. गळ्यात पट्टा होताच.

1975 मध्ये टीव्हीसाठी टॉम आणि जेरीला चक्क मित्र केलं, मारामारी नको म्हणून. मला ते बघवत नाही. वैर काढलं की उरतो एक बोका आणि एक उंदीर. पण चॅनेलवाल्यांची भीती अगदीच खोटी नसते. आमच्याकडेही यादी यायची: विजेचं बटण नको, सुरी नको, गॅस नको, लहान पोरं नक्कल करतात. हे मी मुकाट्यानं मानलं.

जे मानलं नाही ते वेगळं. आमची मालिका मुकी होती. वर्षभर काम झाल्यावर निरोप आला, संवाद टाका. अशा मालिकांचं आपल्याकडे हेच होतं. ऑगी नावाचा निळा बोका आणि तीन झुरळं, 1998 ची फ्रेंच मालिका. मुळात त्यात कुणी बोलत नाही. आपल्याकडे हिंदीत आली तेव्हा सगळे सिनेनटांच्या आवाजाची नक्कल करत बडबडायला लागले. पोरांना आवडलं, हे खरं. माझ्या भाच्याला अजून ते संवाद पाठ आहेत. पण आमच्या कुत्र्याच्या त्या अठरा चित्रांत जेव्हा "अरे बाप रे, मैं तो गया!" घातलं, तेव्हा मी मोठ्या मायला पुन्हा दाखवलं. या वेळी ती हवेत हसली नाही. "काय बोलना तो?" एवढंच विचारलं.

आवाजांची मला मात्र हौस. हाड मोडल्याचा आवाज हवा? ज्वारीच्या कडब्याचं ताट मोडायचं. ठोसा हवा? ओलं धोतर धुण्याच्या दगडावर. वानर झुडपातून पळतंय? वाळलेल्या पऱ्हाटीचा भारा हाताशी धरून हलवायचा. दिवाळीत घरी आलो की रेकॉर्डर घेऊन परसात बसायचो आणि शेजारचे माझ्या आईला हळूच विचारायचे, पोरगा बरा शे ना? परातीवर मात्र दुसरं काही चाललं नाही. स्टीलची वाजते चांगली, पण तिचा आवाज लवकर मरतो. पितळेची फिरत राहते, आणि ती थांबेस्तोवर बघणारा श्वास धरून बसतो. असं आपटून आपटून तिच्या काठाला पोचा आलाय, त्याबद्दल आईची बोलणी आजही खातो.

ते थांबणं रेडिओवर कसं दाखवायचं, म्हणूनच ती सोबत आणली. एकदा, फक्त एकदा, पुन्हा सोडतो. पण मी "गेला" म्हटल्यावर लगेच नाही. मधला वेळ तुम्ही मोजा.

गेला...

...

(परात पडल्याचा आवाज, फिरत फिरत विरत जातो.)

आता हिला घरी पोचवायची आहे. संध्याकाळी कळण्याच्या भाकरीचं पीठ हिच्यातच मळायचंय, आणि आईनं बसची वेळ विचारून ठेवली आहे. नमस्कार.