जर्सी बदलणारा खेळाडू

नमस्कार श्रोतेहो. मार्च 2025 मध्ये आपल्या नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात 86 आणि 135 धावा करणारा करुण नायर मूळचा कर्नाटकचा होता. तिथल्या संघातली जागा गेल्यावर तो 2023 मध्ये नागपूरला आला आणि आपण त्याला आपलाच मानले. हेच पाऊल एखाद्या खेळाडूने देशाची सीमा ओलांडून टाकले, की आपल्या तोंडी ‘गद्दार’ हा शब्द इतक्या चटकन का यावा?

बहुतेक वेळा प्रश्न जागेचाच असतो. ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या एका वैयक्तिक शर्यतीत एका देशाचे तीनच धावपटू उतरू शकतात. त्यामुळे केनियातला चौथा धावपटू, जो इतर बऱ्याच देशांत सहज पहिला ठरला असता, तो घरीच राहतो. चीनच्या टेबल टेनिसमध्येही अशीच गर्दी आहे, आणि तिथे जन्मलेली फेंग त्यानवेई सिंगापूरसाठी ऑलिम्पिक पदके जिंकली ती याच वाटेने.

पैसाही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. केनियाचा स्टीफन चेरोनो 2003 मध्ये कतारचा नागरिक झाला, सैफ सईद शाहीन हे नाव त्याने घेतले आणि त्याच वर्षी पॅरिसला स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचे, जगज्जेतेपद मिळवले. त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता. देश बदलल्यावर ऑलिम्पिकसाठी तीन वर्षे थांबावे लागते, ती अट केनियाने शिथिल होऊ दिली नाही. परिणामी 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला तो मुकला, तिथली तिन्ही पदके केनियाने नेली, आणि पुढच्याच महिन्यात ब्रुसेल्सला त्याने 7 मिनिटे 53.63 सेकंदांचा विश्वविक्रम केला, जो 2023 पर्यंत टिकला. ऐन भरातल्या धावपटूचे ऑलिम्पिक असे हातचे गेले, ही किंमत मला फार मोठी वाटते.

श्रीमंत देशांनी कोवळ्या मुलांना हेरून नेऊ नये, म्हणून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने 2018 मध्ये नियम कडक केले: विसाव्या वर्षाआधी देश बदलता येत नाही आणि तीन वर्षे थांबावे लागते. माझ्या मते दोष द्यायचाच असेल, तर तो अशी खरेदी करणाऱ्यांना द्यावा.

भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणून पुणे एफसी या फुटबॉल संघाकडून खेळणाऱ्या, भारतीय वडील आणि जपानी आई असलेल्या इझुमी अराता याने 2012 मध्ये जपानचे नागरिकत्व सोडले, आणि त्यानंतरच त्याला भारताची निळी जर्सी मिळाली. तिकडे कोणी त्याला गद्दार म्हटले असते, तर आपल्याला ते रुचले असते का?